गोंद सुकेपर्यंत

"नाक खाजव गो जरा," दशरथ पालव म्हणाला.

सुगंधाचे हात कणकेत होते. तिने कोपराने त्याचं नाक खाजवलं. "अजून किती वेळ?"

"माणिकशेठ म्हणाला, घट्ट होईपर्यंत धरून राहायचं. हलवायची नाही."

"माणिकशेठचं काय जातंय? त्याचे हात खाली आहेत."

दशरथचे वर होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेली फळी दोन्ही तळव्यांवर पेलून तो सकाळपासून उभा होता. रविवार असल्यामुळे ऑफिसचा प्रश्न नव्हता. तसा तो सोमवारीही फारसा नसता. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तो इतकी वर्षं होता, की तो एखाद्या दिवशी आला नाही तर लोक त्याच्या खुर्चीवरच्या उशीला सांगून जात.

फळी धरून उभं राहणं हा प्रकार बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. घाटकोपरच्या सुखसागर सोसायटीत तो रिवाज होता. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली होती, म्हणजे कागदावर गेलेली होती आणि जमिनीवर उभी होती. बिल्डरने करार केला, पूजा घातली, नारळ फोडला आणि तो प्रसाद घेऊन जो गेला तो गेलाच. त्यानंतर एक इंजिनियर आला. त्याने एका खांबावर बोटाने टकटक केलं आणि लगेच हात खिशात घातला. त्याच्या रिपोर्टवरून सोसायटीने ठराव केला : आजपासून कोणीही खिळा ठोकायचा नाही, ड्रिल मारायचं नाही. खलबत्ता वापरायचा तर गेटबाहेर जाऊन. पार्किंगमध्ये छताला लोखंडी टेकू लागले. गाड्या रस्त्यावर गेल्या आणि टेकूंना नंबर पडले.

तेव्हापासून सुखसागरमध्ये घड्याळं, आरसे, देवांच्या तसबिरी, टीव्ही, सगळं चिकटवलेलं होतं. कोणाकडे काही चिकटवायचं असलं की ग्रुपवर मेसेज यायचा, 'उद्या धरायला या.' लोक बारशाला जातात, मयताला जातात, तसे सुखसागरमधले लोक धरायला जात. घड्याळ असलं तर चहा मिळे, आरशाला पोहे, टीव्हीला जेवण.

धरण्यात दशरथचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बाकीचे बोलता बोलता वजन बदलत, शिंकत, मोबाइल बघत. दशरथ एकदा उभा राहिला की राहिला. सेक्रेटरी चंद्रप्रकाशचा टीव्ही त्यानेच धरला होता, भारताची अख्खी मॅच संपेपर्यंत. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दशरथला मॅच दिसली नाही, कारण त्याने टीव्हीला मिठी मारलेली होती. पण कोण आउट झालं ते त्याला गालाला कळत होतं.

घरची फळी मात्र त्याच्या हातून दोनदा पडली होती.

सुगंधा नर्सिंग होममधून रिटायर झाली त्याच आठवड्यात म्हणाली होती, "चला आता बोरिवलीला, जान्हवीकडे. पोर कधीची बोलावतेय. इथे छताकडे बघत झोपायचं किती दिवस?"

"घर सोडलं की ताबा गेला," दशरथ म्हणाला होता. हे वाक्य त्याला चंद्रप्रकाशने मीटिंगमध्ये दिलं होतं आणि त्याने ते जपलं होतं. ताबा जाऊ नये म्हणून तो गावच्या गणपतीला गेला नव्हता. जान्हवीला मुलगा झाला तेव्हा तो नातवाला व्हिडिओ कॉलवर भेटला. नातू अजून त्याला मोबाइलमध्येच राहणारा माणूस समजत होता.

फळी दुसऱ्यांदा पडली तेव्हा पितळी डबा जिथे आदळला, तिथे सुगंधा क्षणापूर्वी उभी होती. तिने डबा उचलला, पोचा तपासला आणि शांतपणे सांगितलं, "तिसऱ्यांदा पडली तर मी बोरिवलीला. तुम्ही या, नाहीतर ताब्यासोबत राहा."

"आणि नाही पडली तर?"

"तर नाही बोलणार परत."

"ठरलं?"

"ठरलं."

त्यामुळे दशरथने गोंद निवडायला जेवढा विचार केला, तेवढा मुलीचं स्थळ बघतानाही केला नव्हता. पहिल्यांदा त्याने सुताराचा पांढरा गोंद वापरला होता. तो लाकडाला लाकूड जोडायला चांगला. पण भिंत लाकडाची नव्हती, हे फळी पडल्यावर लक्षात आलं. दुसऱ्यांदा दोन ट्यूबा एकत्र कालवायचा प्रकार आणला. तो इतका पक्का निघाला की फळी पडली तेव्हा भिंतीचा हिरवा रंग तिच्या पाठीला तसाच होता. गोंद रंगाला चिकटला होता. रंग भिंतीला चिकटलेला नव्हता.

तिसऱ्या वेळी तो माणिकशेठच्या हार्डवेअरच्या काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला.

"शेठ, भरवशाचं द्या."

"वजन किती पडणार?"

"डबे. कुकर. आणि बायकोचा शब्द."

माणिकशेठने न हसता मागच्या कप्प्यातून एक जाडजूड नळकांडं काढलं. ते बंदुकीत बसवून दाबायचं असतं. "बांधकामाचं आहे. लाकूड, सिमेंट, दगड, कशालाही. फक्त रंग खरवडून टाक, प्लास्टर दिसलं पाहिजे. ओल नको, धूळ नको. वेड्यावाकड्या रेघा मार, दाब आणि धर. मग माणूस निघेल घरातून, फळी नाही निघणार."

दशरथने तसंच केलं. रंग खरवडला. आठवडाभर भिंतीसमोर पंखा लावून ठेवला. स्वतः घामात झोपला, पण भिंतीला वारा दिला. ब्रशने धूळ झाडली. आज सकाळी रेघा मारल्या, फळी दाबली आणि धरली. ग्रुपवर मेसेज टाकला नाही. ही फळी त्याला एकट्यानेच धरायची होती.

"चिकटली वाटतं," तो आता म्हणाला.

"वाटतं म्हणजे?"

"बघ, मी जोर काढला तरी..."

भिंतीच्या आतून आवाज आला. मोठा नव्हे. जेवण झालेल्या माणसाने समाधानाने द्यावी तसली ढेकर. फळी बोटभर पुढे आली. फळीबरोबर प्लास्टर पुढे आलं, अर्ध्या दरवाज्याएवढं, आणि प्लास्टरमागच्या दोन विटा पलीकडच्या बाजूला निघून गेल्या. दशरथने पाय रोवून सगळं जिथल्या तिथे दाबून धरलं.

धूळ बसली तेव्हा भोकातून शेजारचा श्यामसुंदर दिसला. त्याच्या तोंडात ब्रश होता.

"दशरथ?"

"बोल."

"तू माझ्या किचनमध्ये काय करतोयस रे?"

"मी माझ्याच किचनमध्ये आहे."

श्यामसुंदरने हे पडताळून पाहिलं. "हो रे," तो म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

सुगंधाने गॅस बंद केला. कणीक झाकली. हात धुतले.

"फळी पडली नाही," दशरथ घाईने म्हणाला. "बघ तू. भिंतीला चिकटलेलीच आहे."

हे खरं होतं. फळी आणि प्लास्टर यांच्यात केसाचीही फट नव्हती. माणिकशेठचा माल अस्सल होता. फक्त भिंतीचं उरलेल्या भिंतीशी पटत नव्हतं.

सुगंधाने कपाटावरची बॅग खाली काढली.

"खंय चललंस?"

"बोरिवली."

"अगो, पण फळी खंय पडली?"

"भिंत पडली."

"भिंतीचं ठरलं नव्हतं!"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आतल्या खोलीत गेली.

तेवढ्यात चंद्रप्रकाश कमिटीच्या लोकांसह आत आला. काही सभासद श्यामसुंदरकडून भोकापाशी उभे राहिले, त्यामुळे मीटिंगला दोन्ही फ्लॅट हजर होते.

"दशरथ, हात काढू नकोस हां," चंद्रप्रकाश म्हणाला. "वरच्या विटा तुझ्यावर बसल्यात. त्या आल्या तर वरचा ओटा येणार. आवाज झाला, कोणी तक्रार केली की नोटीस लागली म्हणून समज. सगळ्यांना एका दिवसात खाली करावं लागेल. ना भाडं, ना ताबा. आख्ख्या बिल्डिंगची वाट लागेल यार."

"मग टेकू लावा."

"कुठला?"

"पार्किंगमधला एखादा काढून..." असं कोणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. श्यामसुंदरने तर छताकडे पाहून हात जोडले.

"गवंड्याला फोन केला," चंद्रप्रकाश म्हणाला. "तो येतो म्हणाला. पण आत येणार नाही, रस्त्यावरून बघून सांगणार."

"तोपर्यंत?"

सगळ्यांनी दशरथच्या हातांकडे पाहिलं. त्या पाहण्यात एवढा विश्वास होता, की त्याने नकळत छाती पुढे काढली. डिस्पॅचमध्ये त्याच्याकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

सुगंधा बॅग घेऊन बाहेर आली. बॅग दाराशी ठेवून तिने सकाळच्या चपातीत भाजी गुंडाळली आणि कमिटीच्या मधून वाट काढत त्याच्या तोंडाशी धरली. तो खायला लागला. सगळे दुसरीकडे बघायला लागले.

"येताय का?" तिने विचारलं.

"कसा येऊ? हात बघ ना माझे."

"लग्न झाल्यापासून बघतेय." तिने त्याच्या मिशीवरची भाजी पुसली. "कधी दिराचं कर्ज, कधी सेक्रेटरीचा टीव्ही. रिकामे असे दिसलेच नाहीत." मग ती भोकाकडे वळली. "श्यामसुंदर भावोजी, तुम्ही धराल काय जरा? यांना सोडा."

"धरतो ना वहिनी. त्यात काय," श्यामसुंदर म्हणाला. "चंद्रप्रकाश, तू पण लाग. तुझा टीव्ही धरलाय त्याने."

"मी खाली रिक्षा थांबवते," सुगंधा दशरथला म्हणाली. "या." आणि बॅग उचलून गेली. बॅग तिला जड जात होती.

श्यामसुंदर फिरून या बाजूला आला. तो आणि चंद्रप्रकाश फळीखाली शिरले. "एक, दोन... सोड!" दशरथ मोकळा झाला.

हात खाली येईनात. कोणी बंदूक रोखल्यासारखा तो हात वर ठेवूनच आतल्या खोलीत गेला. दोरीवर त्याचे शर्ट नव्हते. खिडकीत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी असायची, तीही नव्हती. त्याचा चष्म्याचा डबा नव्हता. बॅग जड का होती ते त्याला कळलं.

खिडकीतून गेट दिसत होतं. रिक्षा उभी होती. सुगंधा आत एका कडेला सरकून बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. शेजारची जागा रिकामी होती.

हात हळूहळू खाली आले. त्याने चप्पल शोधली. एक पाय घातला.

"अरे, वर घे! तुझ्या बाजूने उतरतेय!" स्वयंपाकघरातून श्यामसुंदर ओरडला.

"मी वरच घेतोय, तू दाबतोयस!"

वाळू झरझरत ओट्यावर पडली. आतून पुन्हा तो ढेकरीसारखा आवाज आला.

"दशरथ! अरे, कसं धरत होतास तू?"

दशरथ दारात थांबला. एका पायात चप्पल होती. जिन्यात कोणीच नव्हतं; जिना थेट गेटपर्यंत जात होता.

"फक्त दाखवतो," तो मोठ्याने म्हणाला आणि मागे आला. "तळवे पसरायचे. असे. बोटांवर नाही घ्यायचं. आणि श्वास पोटाने. बघा."

त्याने हात लावले. फळी जागच्या जागी बसली. वाळू थांबली. चंद्रप्रकाशने आपले हात काढून घेतले. मग श्यामसुंदरने काढले.

"जमतं बाबा तुला," चंद्रप्रकाश खांदे चोळत म्हणाला. "पाचच मिनिटं. गवंड्याला परत लावतो." तो गॅलरीत गेला, त्याच्यामागे कमिटीही गेली. श्यामसुंदर पाणी प्यायला म्हणून स्वतःच्या घरी गेला.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"श्याम," दशरथने भोकातून हाक मारली. "तुझ्या खिडकीतून गेट दिसतं ना?"

"दिसतं."

"ती काय करतेय?"

"बसल्यात." श्यामसुंदर खिडकीशी उभा राहून सांगत होता. "वर बघतायत... आता बॅग उघडली. काहीतरी काढतायत. वॉचमनला बोलावलं." तो थांबला. "रिक्षा वळतेय रे."

"हां," दशरथ म्हणाला.

वॉचमन जिना चढून वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याच्या हातात दोन घडी केलेले शर्ट होते, वर गोळ्यांची पट्टी आणि चष्म्याचा डबा. त्याने ओट्याकडे पाहिलं. ओटा वाळूने भरला होता. टेबलावर प्लास्टरचे तुकडे होते.

"वहिनींनी दिलंय. कुठे ठेवू, साहेब?"

दशरथने जरा विचार केला.

"फळीवर ठेव," तो म्हणाला.

वॉचमनने टाचा उंचावून सगळं फळीवर नीट ठेवलं. दशरथने हात किंचित वर घेतले, वजन अंदाजलं आणि मान हलवली.