वहीतला शेवटचा रकाना

"मागं माणूस उभं केल्याशिवाय दांडीखाली शिरायचं नाय, मोनिका. वजन कितीबी हलकं असू दे."

चांदपाशा उस्तादांचं हे सांगणं मोनिकाच्या कानात वीस वर्षं मुक्कामाला होतं. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांची वजन उचलायला शिकवायची पत्र्याची शेड होती. दुपारी दोन ते चार फक्त मुलींची वेळ. त्या वेळात ते एकाही पुरुषाला तिकडं फिरकू देत नसत. वजन खांद्यावर घेऊन बैठक मारायची आणि मागं दुसरीनं हात पसरून उभं राहायचं. उठता आलं नाही, तर मागचीनं दांडीला हात द्यायचा. मोनिकाच्या मागं हसीना असायची आणि हसीनाच्या मागं मोनिका. हसीना ही उस्तादांचीच लेक.

शेडच्या भिंतीला खिळ्यावर एक लांबडी वही टांगलेली असे. तारीख, अंगाचं वजन, दांडीचं वजन, पट आणि मागं, असे तिच्यात पाच रकाने. पट म्हणजे आपल्या वजनाच्या किती पट उचललं ते. नुसतं वजन काय सांगता, हत्तीबी ओंडके उचलतो, तुमच्या अंगाच्या मानानं किती ते सांगा, असं उस्तादांचं म्हणणं. आणि शेवटच्या रकान्यात मागं उभ्या असलेल्या पोरीचं नाव नसलं, की ती अख्खी ओळ ते लाल पेन्सिलीनं काटून टाकत. मग कुणी पहाड का उचललेला असेना.

एकोणिसाव्या वर्षी मोनिका सत्तावन्न किलोची होती आणि तिनं पंच्याण्णव उचलले होते. पट एक पूर्णांक सदुसष्ट. मागं हसीना.

आता ती एकोणचाळीसची होती आणि साठ किलोची. मधल्या काळात एक लग्न झालं, ते दीड वर्ष टिकलं. मग चिकलठाण्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली, मुकुंदवाडीच्या अलीकडं एक रो-हाऊस झालं, फुलंब्रीहून आई राहायला आली. पाच वर्षांपूर्वी मोनिकानं गाडी घेतली. लाल, बुटकी, रुंद चाकांची, आठ सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी. शंभरावर जायला मला दांडीखाली वीस वर्षं पुरली नाहीत, हिला आठ सेकंद लागतात, असं ती आईला गमतीनं म्हणे. शेजारच्या केसरबाई मात्र दारात कुणी बसलेलं असलं, की मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या, "एवढी पळणारी गाडी घेतली बाईनं. जायचं कुठं असतं हिला?"

ते काही खोटं नव्हतं. कारखाना पाच मिनिटांवर. रविवारी ती दौलताबादला जाई, किल्ल्याच्या दारासमोर गाडीतच बसून एक चहा घेई आणि परत येई. तिसऱ्या गिअरच्या पुढं जायची वेळ फारशी येत नसे.

गाडी उभी करायच्या पोर्चमध्येच तिनं दोन लोखंडी स्टँड आणि एक दांडी मांडली होती. सोमवार, गुरुवार, शनिवार हा नेम. संकष्टी आली तर त्या दिवशी जड वजन नाही, हे आईनं ठरवून दिलेलं. मोनिका बैठका मारायची तेव्हा आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाटाणे नाहीतर गवार घेऊन बसायची. तिला दांडीतलं काही कळत नव्हतं आणि वेळ आली असती तर तिनं फक्त आरडाओरडा केला असता. तरी मोनिका आपल्या वहीत शेवटच्या रकान्यात 'आई' असं लिहायची. उस्तादांनी ते चालवून घेतलं असतं, असं तिला वाटे.

मार्गशीर्षात आई गेली. त्यानंतर वहीच्या त्या रकान्यात खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा होत्या.

आईच्याही आधी उस्ताद गेले होते. ते आजारी आहेत असं कळल्यावर मोनिका एकदाच भेटायला गेली. उस्ताद खाटेवर होते. ज्या हातांनी दोनशे किलोची दांडी सावरली, त्या हातांना आता बशीही पेलत नव्हती. ते म्हणाले, "हसीना आता एकलीच शेड चालवती. बायकांना शिकवती, पण तिच्या मागं कुणी नाय. शनिवारी तरी येत जा बेटा. तिच्या मागं उभी राहत जा."

"येईन उस्ताद," मोनिका म्हणाली होती. दाराशी चहाचा ट्रे घेऊन हसीना उभी होती. तिनं ते ऐकलं होतं.

पहिल्या शनिवारी कारखान्यात तपासणीचे पाहुणे आले. दुसऱ्या शनिवारी आईला ताप होता. तिसऱ्या शनिवारी काहीच नव्हतं, पण दोन शनिवार चुकले, आता काय तोंड दाखवायचं, असं झालं. पुढं दर शनिवारी ते तोंड जास्तच जड होत गेलं. आईच्या दहाव्याला हसीना आली होती. कोपऱ्यात बसली, आई शेवटी जेवत होती का एवढंच विचारलं आणि शनिवारचा शब्दही न काढता निघून गेली. ती चार बोल लावून गेली असती तर मोनिकाला सोपं गेलं असतं.

आणि आता हा शनिवार उजाडला होता. गाडीच्या विम्याचा आज शेवटचा दिवस. आठ दिवसांत तिनं तीन वेळा मोबाईलवर नूतनीकरण करायला घेतलं होतं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडली होती. गाडी चालवताना मालकालाच काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे, त्या वारसाचं नाव, वय, नातं. पाच वर्षं तिथं आईचं नाव होतं. ते खोडल्यावर रकाना कोरा ठेवून पुढं जाताच येईना. शेवटी तिनं विमा उतरवून देणाऱ्या बद्रीनाथला फोन केला. तो म्हणाला, अकराला येतो.

अकराच्या आत शंभर उचलायचे, असं तिनं मनाशी घेतलं होतं. शंभराला साठनं भागलं की तोच आकडा, एक पूर्णांक सदुसष्ट. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी जेवढं बळ होतं तेवढंच आजही आहे, हे एकदा कागदावर आलं, की मग कुणाचं नाव असो नसो, असं काहीसं तिला वाटत होतं.

तुळशीला पाणी घातलं, कोपऱ्यावरच्या मारुतीला आईच्या नेमाचं तेल वाहून आली. एरवी वजन घ्यायच्या आधी ती गाडी बाहेर काढून ठेवायची. आज गल्लीत नळाचा दिवस होता. सात दिवसांनी पाणी आलेलं, दारोदारी पाणी ओढायच्या मोटारी लागलेल्या, रस्ताभर पाइप. गाडी निघणं शक्यच नव्हतं. राहू दे आत, म्हणून तिनं तशीच सुरुवात केली. दांडीपासून चार हातांवर, बरोबर पाठीमागं, गाडीचं तोंड होतं.

नव्वद सहज गेले. साडेसत्त्याण्णव कुरकुरत गेले. मग तिनं दोन्हीकडच्या प्लेटा बदलल्या, कमरपट्टा आवळला, दांडी खांद्यावर घेतली, दोन पावलं मागं आली आणि खाली बसली.

उठताना अर्ध्यावर मांड्यांतलं सगळं संपलं. पुढं नाही, मागं नाही. अशा वेळी हात सोडायचे, दांडी पाठीवरून मागं जाऊ द्यायची आणि आपण पुढं निसटायचं, हे उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पण मागं गाडी होती. ती तशीच धरून राहिली. दोन श्वास, तीन श्वास. त्या तेवढ्या वेळात तिला खुर्ची दिसली. रिकामी, वाटाण्याच्या सालांशिवाय. कुणीतरी नुसतं "अगं बाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग गुडघा कलंडला, हात सुटले, ती पुढं हातांवर पडली आणि मागं लोखंडावर लोखंड आदळल्याचा मोठा आवाज झाला.

थोडा वेळ ती जमिनीवरच बसून राहिली. पलीकडून केसरबाई मोटारीच्या घरघरीतून म्हणाल्या, "भांडी पडली का गं?"

"व्हय, भांडीच," मोनिका म्हणाली.

बॉनेटची कड आत दबली होती, डावा दिवा फुटून त्याच्या काचा तुळशीपर्यंत उडाल्या होत्या. तिनं काचा वेचल्या, प्लेटा उतरवून दांडी जागेवर ठेवली, वही उघडली आणि ओळ न लिहिताच मिटली.

बद्रीनाथ अकराला आला तो पाइपांवरून उड्या मारत. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस, फाटकातूनच अभिनंदन करत आला. पाच वर्षांत मॅडमनी कंपनीकडं एकदाबी हात पसरला नाय, म्हणून यंदा हप्त्यात अर्धी सूट, अशी गिऱ्हाइकं आता मिळत नाहीत. तेवढ्यात त्याला फुटका दिवा दिसला आणि तो वाकून बघू लागला.

मग म्हणाला की अजून बिघडलं नाही, विमा आज रात्रीपर्यंत चालू आहे. रिक्षानं ठोकून पळ काढला असं लिहू, रोजच होतंय. पण दावा केला की सूट जाईल, ते बघा.

"रिक्षा नव्हती," मोनिका म्हणाली. "माझ्या खांद्यावरची दांडी पडली."

बद्रीनाथनं दांडीकडं पाहिलं, प्लेटा मोजल्या, मग तिच्याकडं पाहिलं. "एवढी? सोबत कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

मोबाईल काढून त्यानं चारी बाजूंनी फोटो घेतले. मोनिका त्याला पाणी द्यायला आत गेली आणि तांब्या भरता भरता थांबली. पाच वर्षं कुणाकडं काही मागितलं नाही, आणि त्याचं बक्षीस मिळतंय. बाहेर येऊन तिनं सांगितलं, दावा करा, झालं ते तसंच लिहा.

"सूट जाईल, मॅडम."

"जाऊ द्या."

राहिला वारसाचा रकाना. भाऊ नाही, बहीण नाही, मूल नाही, हे ती एकेक करून सांगत गेली आणि बद्रीनाथ मान हलवत गेला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाला, "लई जणांचं असंच असतं. एका आजीनं मला खंडोबाचं नाव सांगितलं. मी म्हटलं लिहितो, पण वय काय लिहू?"

मोनिकाला हसू आलं. आई गेल्यापासून पोर्चमध्ये ती पहिल्यांदा हसली असेल.

"कुणीबी चालतं का?" तिनं विचारलं. "रक्ताचं नसलं तर?"

त्यानं सांगितलं की कंपनीला विचारून बघावं लागेल, पण विचारता येईल. मात्र ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारलेलं बरं. संध्याकाळी सहापर्यंत कळवा, तोवर मी थांबतो. गाडी हलवली तर चालेल का, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, फोटो झालेत, इंजिनाला काही नाही, दिवसाउजेडी हळू न्या.

तो गेल्यावर तिनं अंघोळ केली, कढी-भात खाल्ला, ताट धुऊन पालथं घातलं. साडेबारा. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहायचं नाही असं ठरवून ती देवघरासमोर बसली आणि घड्याळाकडंच पाहत राहिली. हसीना काय म्हणेल? इतके शनिवार कुठं होतीस म्हणेल. म्हणू दे. फार तर वर बघणार नाही, आपलं काम करत राहील. तरी मागं उभं राहायला तिच्या परवानगीची गरज नाही, नुसतं उभं राहायचं असतं. वारसाच्या नावाचं आज विचारायचं नाही. मागायला गेल्यासारखं दिसेल. आधी उभं राहायचं. कोरा रकाना सहापर्यंत भरला नाही, तर गाडी उद्यापासून पोर्चमध्येच राहील, हेही तिनं मनाशी मान्य करून टाकलं.

दीडच्या सुमाराला तिनं कमरपट्टा, पाण्याची बाटली आणि वही गाडीत ठेवली. गाडी पोर्चमधून बाहेर काढली. पाणी गेलं होतं, पण पाइप अजून रस्त्यावर आडवे होते आणि केसरबाई ओले हात पदराला पुसत दारात उभ्या होत्या. त्यांनी फुटका दिवा पाहिला, दबलेलं बॉनेट पाहिलं. भांड्यांचं त्यांनी काही काढलं नाही.

"कुठं निघालीस गं?"

एरवी मोनिका "इथंच" म्हणायची.

"शहागंजला," ती म्हणाली. "एकांना शब्द दिला होता. राहून गेलाय."

केसरबाईंनी वाकून आपला पाइप ओढून कडेला घेतला आणि चाक जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मोनिकानं मान हलवली, पहिल्या गिअरमध्येच गल्लीचं वळण घेतलं आणि जालना रोडच्या दिशेनं निघाली. शेडची वेळ दोनची, अजून अर्धा तास होता.