घरात कोयता लागला

केसरने डाव्या हातात विळा धरला होता, पण तो काही केल्या ताब्यात येत नव्हता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली होती. त्या दोघांच्या चिमटीत भाताची ताटं धरायची आणि डाव्या हाताने विळा ओढायचा, असं तिनं मनाशी ठरवून पाहिलं होतं. पण ओढ बसली की ताटं चिमटीतून सुटायची आणि दाणे चिखलात सांडायचे. चौलच्या त्या एवढ्याशा खाचरात सकाळपासून तिनं जेमतेम चार हात जागा मोकळी केली होती. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर निखाऱ्यासारखं पडलं होतं.

बांधावर विनेश, तिचा नवरा, खाकी शर्ट घालून रिक्षावर जायच्या तयारीत उभा होता.

"ठेव तो विळा. उरलेली दोन पन घालवशील."

"मंग कापनार कोन? तुमी तर चाललात ष्टँडवर."

"मानूस लावीन. उद्याचं काम एकदा झालं की दोन मानसं लावीन."

"उद्याचं काय काम?"

"इचारतेस जशी काय ठावंच न्हाय. उद्या भरपाईच्या हापिसात मॅडम इचारतील, मान्य हाय का. तू व्हय बोलायचंस. एवढं एकच अक्षर, केसर. बाकी काय बोलायचं न्हाय."

केसरने पुन्हा ताटांना हात घातला. विनेश पाय आपटत बांधावरून निघून गेला.

ते एक अक्षर तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

रेवदंड्याला खाडीच्या कडेला नामाशेटचा बर्फाचा कारखाना आहे. तिथं केसर सात वर्षं कामाला होती. अशा बारा बाया होत्या. बर्फाच्या लाद्या आकडीने ओढत आणायच्या, मशीनच्या तोंडात ढकलायच्या, खालून चुरा पडतो तो खोक्यात भरून बोटींवर द्यायचा. मशीनच्या तोंडावर पूर्वी लोखंडी जाळी होती. पण मासेमारीचा हंगाम चालू झाला, बोटी धक्क्यावर रांगेनं उभ्या राहिल्या, की लादी त्या जाळीखाली अडकून खोळंबा व्हायचा. म्हणून नामाशेटने जाळी काढायला लावली. मशीन चालवणाऱ्या कान्हाने पाना घेऊन ती काढली आणि भिंतीशी उभी करून ठेवली.

श्रावण संपता संपता, भर दुपारी दोन वाजता, एक फुटकी लादी तोंडात आडवी बसली. रोज ढकलतात तशी केसरने ती हाताने ढकलली. हात ओढला गेला तेव्हा तिला आधी नुसतं गार लागलं. दुखायला नंतर लागलं. आधी तिला फक्त खालचा चुरा लाल होताना दिसला.

कान्हाने बटण बंद केलं, अंगातला शर्ट काढून तिचा हात गुंडाळला आणि टेम्पोत घालून तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्याला शेटचा दोनदा फोन आला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? कान्हा खाली बघत म्हणाला, "घरात कोयता लागला. नारळ सोलत व्हती."

केसरने ते ऐकलं होतं. पण तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरने कागदावर तसंच लिहिलं.

पहिले काही दिवस नामाशेट सफरचंदं घेऊन यायचा. "तू आमच्या घरातली हायस," म्हणायचा. विनेशची मोठी बहीण नूतन किहीमच्या शाळेत मास्तरीण. तिनं चौकशी केली, अलिबागला जाऊन कामगारांच्या भरपाईचं ऑफिस शोधलं आणि केसरच्या नावाने अर्ज टाकला. नोटीस पोचली त्या दिवसापासून सफरचंदं बंद झाली. आठ दिवसांनी शेट वकिलाने लिहिलेला कागद घेऊन आला आणि ओटीवर बसून त्याने शांतपणे चहा घेतला.

"दोन लाख देतो," तो म्हणाला. "मानुसकी म्हनून देतो. खरं तर मला द्यायचं कारन न्हाय. तू माझ्याकडं कामाला नव्हतीसच."

"सात वर्षं आले मी, शेट."

"कुठं लिवलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. बायांचा पगार रोजच्या रोज हातात मिळायचा आणि हजेरीच्या वहीत फक्त पाच पुरुषांची नावं होती.

नूतनने कागद मोठ्याने वाचून दाखवला. अपघात राहत्या घरी कोयता लागून झाला. कारखान्याशी संबंध नाही. अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.

"हे खोटं आहे," नूतन म्हणाली.

"ताय, खोटं हाय ते मला पन कळतंय," विनेश म्हणाला. "पन दवाखान्याचा कागद त्यांच्या बाजूचा. साक्षीला कोन येनार? बाया येतील? उद्या त्यांचं काम जाईल. कान्हा येईल? ज्यानं खोटं सांगितलं तोच? चार वर्षं खेटे घालू आनि हातात भोपळा घेऊन घरी येऊ."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, हेच केसरला जास्त लागत होतं.

मागच्या आठवड्यात ती एकटीच रेवदंड्याला गेली होती. कारखान्याच्या दारातून तिला मशीन दिसलं. मशीनवर तिच्या जागी मनुबाई उभी होती. पन्नाशीच्या पुढची बाई, गुडघे धरलेले, पदर कमरेला खोचलेला. जाळी अजून भिंतीशीच उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं.

"मावशे, हात संभाळ," केसर म्हणाली.

"संभाळतंय," मनुबाई लादी ढकलत म्हणाली. "तू पन संभाळतच व्हतीस की गो."

कान्हा मागे नळावर हाताचं तेल धूत होता. केसरला बघून त्याने नळ आणखी मोठा सोडला.

"वयनी, मला काय इचारू नका. माजी दोन पोरं हायेत."

"माजी पन हायेत."

"मी काय बघितलं न्हाय."

"शर्ट तुजाच व्हता ना कान्हा, माज्या हाताला बांदलेला?"

कान्हाने तिच्या हाताकडे बघायचं टाळलं आणि हात ओलेच ठेवून तो आत निघून गेला.

आता खाचरात, ऊन उतरतीला लागेपर्यंत, ती हेच सगळं घोळवत बसली होती. घरात कोयता लागला. घरात. आणि एकदम तिला ते दिसलं. त्या खोट्यात एक भोक होतं, आणि इतके दिवस ते कुणाला दिसलं नव्हतं. कारण ते बघायला बाईमाणसालाच शरम वाटावी असं होतं. विनेशला हे सांगता येणार नव्हतं. नूतनलाही नाही. तिनं विळा पेंढ्यात खुपसला आणि घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी विनेशच्याच रिक्षातून ते अलिबागला गेले. नूतन रजा टाकून आधीच येऊन थांबली होती. ऑफिसच्या व्हरांड्यात नामाशेट आणि त्याचा वकील उभे होते. त्यांच्या मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला कान्हा. शेटने विनेशला हसून रामराम केला. विनेशनेही मान हलवली.

भरपाईचं काम बघणाऱ्या मॅडम चष्मा लावलेल्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी करारनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि कागद खाली ठेवला.

"केसरबाई, तुम्हाला हे मान्य आहे? माझ्यासमोर नोंद झाली की नंतर बदलता येणार नाही. समजून सांगा."

टेबलाखाली विनेशचा पाय तिच्या पायाला लागला.

"न्हाय," केसर म्हणाली.

विनेशने डोळे मिटून घेतले.

"काय मान्य नाही? रक्कम?"

"रकमेचं मागनं बघू. घरात कोयता लागला असं लिवलंय, ते मान्य न्हाय. कारखान्यात मशीनवर झालंय."

वकील लगेच उठला. दवाखान्याचा कागद त्याने पुढे सरकवला. बाईंना दवाखान्यात घेऊन जाणारा माणूस आज हजर आहे, त्याला विचारावं, म्हणाला. कान्हा पुढे आला. त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं, "व्हय. घरात कोयता लागला. नारळ सोलत व्हती. मी दवाखान्यात नेली."

मॅडम लिहून घेत होत्या. पेनचा आवाज तेवढा येत होता. आता बोललं नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. आणि बोललं तर ते आज संध्याकाळपर्यंत चौल आणि रेवदंडा दोन्हीकडे पोचणार, हेही कळत होतं.

"मॅडम, मी याला एक इचारू का?"

वकिलाने हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, "विचारू दे."

केसर उभी राहिली. विनेशकडे तिनं बघितलं नाही.

"कान्हा, दवाखान्याच्या कागदावर भर दुपारी दोनची येळ हाय, आनि मी घरात व्हते असं तू सांगतोस. माजा नवरा ष्टँडवर, पोरं शाळंत. तुजं घर रेवदंड्याला, माजं चौलला. मंग तू त्या टायमाला माज्या घरात काय करत व्हतास?"

विनेशच्या हातातली रिक्षाची चावी खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही. तो कान्हाकडे बघत होता. कान्हाने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग शेटकडे. शेट खिडकीबाहेर बघत होता.

"ते योगायोगाने रस्त्याने जात होते," वकील म्हणाला.

"त्यांना बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

कान्हाने मान हलवली. "मी कवाच वयनीच्या घरी गेलो न्हाय," तो म्हणाला. "घर कुठल्या आळीत हाय, ते पन मला ठाव न्हाय."

"मग त्यांना उचललंत कुठून?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं नाही.

"मशीनवरनं," कान्हा म्हणाला. "कारखान्यातनं. जाळी नव्हती. जाळी मीच काढली व्हती, शेटनी सांगितलं म्हनून. आनि दवाखान्यात काय बोलायचं ते पन फोनवर शेटनीच सांगितलं."

"कान्हा," नामाशेट म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

"शेट, मला बायको हाय घरी," कान्हा म्हणाला. "हे दुसरं मी डोक्यावर घेनार न्हाय."

मॅडमनी करारनाम्याची नोंद केली नाही. कान्हाचं म्हणणं त्यांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं, त्याची सही घेतली आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर विनेशने आवारातल्या नळावर तोंड धुतलं. पुसलं नाही, तसाच ओल्या तोंडाने उभा राहिला.

"मला आदी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर बोलू दिलं असतंत?"

त्याने विचार केला. "न्हाय," तो म्हणाला. मग रिक्षा चालू करून तिच्यासाठी थांबला.

गावात व्हायचं ते झालं. नळावर दोन बाया बोलता बोलता थांबायच्या. कान्हाला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. आता तो एकाच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. त्याची बायको बाजारात केसर दिसली की दुसऱ्या बाजूने जाते. एकदा केसरने तिला हाक मारली, तर ती म्हणाली, "तुमचं झालं ना काम? मंग आता हाक कशाला मारता."

तीन तारखा झाल्यावर शेटचा वकील स्वतःहून बोलायला आला. नवा करारनामा झाला. त्यात कारखाना, मशीन आणि सात वर्षं हे सगळं लिहिलं होतं, रक्कम कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे ठरली होती. मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा केसर व्हय म्हणाली आणि डाव्या हाताने, वेडंवाकडं का होईना, स्वतःचं नाव लिहिलं.

त्या प्रकरणातून आणखी एक झालं. कारखान्यात तपासणी आली. जाळी मशीनवर बसली आणि बायांची नावं वहीत घ्यायचा हुकूम निघाला.

नावं लिहायच्या दिवशी मनुबाईने केसरला बोलावून घेतलं. बाया अंगणात रांगेनं उभ्या होत्या. शेटचा पुतण्या प्रणय टेबल टाकून नवीकोरी वही घेऊन बसला होता. धक्क्यावर सहा बोटी बर्फासाठी थांबल्या होत्या.

मनुबाईचं नाव लिहून झाल्यावर प्रणयने पुढच्या रकान्यात तारीख घातली. मनुबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"ही कसली तारीख?"

"कामाला लागल्याची."

"ही तर आजची हाय."

"सगळ्यांना आजचीच घालायची हाय. काका बोललेत."

मनुबाईने शाईला लावायला पुढे केलेला अंगठा मागे घेतला. "मंग माजं नाव खोड," ती म्हणाली. "पुढचीला इचार." आणि ती जाऊन एका पालथ्या खोक्यावर बसली.

प्रणयने पुढचीला विचारलं. तीही जाऊन मनुबाईशेजारी बसली. मग तिसरी. कुणी आवाज केला नाही, कुणी भांडलं नाही. बघता बघता टेबलापुढे कुणीच राहिलं नाही. केसरही त्यांच्यात जाऊन बसली. मनुबाईने सरकून तिला जागा केली. मशीन बंद होतं. धक्क्यावरून एका बोटीचा तांडेल ओरडून विचारत होता, बर्फ मिळनार हाय का भरती निघून गेल्यावर देता.

प्रणयने शेटला फोन लावला. थोडा वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "बसल्यात सगळ्या. न्हाय, भांडत न्हायत. नुसत्या बसल्यात." पुन्हा ऐकलं. तांडेलाची दुसरी हाक आली, ती फोनवर पलीकडेही गेली असणार.

प्रणयने फोन ठेवला, पट्टी घेऊन आजची तारीख सरळ रेघेने खोडली आणि वही आपल्याकडे ओढली.

"मावशी," तो म्हणाला, "वरीस सांग. आनि महिना."

मनुबाईने बोटं मोजायला सुरुवात केली. "थांब," ती म्हणाली. "माज्या थोरल्या नातीचं बारसं झालं, त्याच्या दुसऱ्या सोमवारी लागले. ती आता नववीत हाय. थांब, नीट मोजू दे मला."

प्रणय पेन धरून थांबला.