उजवं पुढचं चाक

"कमळाबाई, एका शब्दात सांगा. खोट गाडीत हाय का पोरीत?"

बापूराव गॅरेजात येऊन खुर्चीवर बसला नाही, चहालाही नको म्हणाला. तेव्हाच मी समजली, माणूस घरून ठरवून आला आहे. त्याची पोरगी खुशबू मागे उभी होती, लाल गाडीच्या टपावर हात ठेवून. तो टप माझ्या कमरेला येतो. दोन सीटांची, रस्त्याला पोट घासत चालणारी रेसची गाडी. आमच्या गडचांदूरच्या रस्त्यावर ती म्हणजे चिखलणीला पैठणी नेसून उतरल्यासारखी. पण बापाने हौसेने घेतली आणि पोरीला दिली, कारण डोंगरावरच्या त्याच्या खाणीचा सारा कारभार तीच पाहते. जिवतीचा घाट रोज चढते, रोज उतरते.

मागच्या महिन्यात घाट उतरताना गाडी कठड्याला जाऊन भिडली. पोरगी म्हणाली, ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली धडधड झाली आणि गाडी थांबलीच नाही. त्या गाडीत एबीएस म्हणून कारभार असतो. जोराच्या ब्रेकात चाक घसरायला लागलं की तो ब्रेक सोडतो-धरतो, सोडतो-धरतो. चांगली गोष्ट आहे. पण चाक घसरत नसताना त्याने ब्रेक सोडला, तर माणसाची माती.

नागपूरच्या वर्कशॉपने गाडी पाहिली, काही सापडलं नाही. मग माझ्या मुलाने, रोशनने, उजव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नवा टाकला, सपाट रस्त्यावर चालवून आणली आणि ठीक आहे म्हणाला. परवा पुन्हा तेच. आणि बिघाड सांगणारा दिवा? पेटत नाही. तपासणीचं मशीन लावलं तर ते म्हणतं, सारं आबादीआबाद.

"गाडी ठीक असन तर चाबी आजपासून माह्यापाशी," बापूराव म्हणाला. "खाणीवर जानं बंद. घरी बसन. पोट्टीनं आपल्याच हातानं मराले मी गाडी नाई घेतली."

खुशबू दात दाबून उभी होती.

माझ्या जिभेवर 'पोरीत' हाच शब्द आला होता. नव्या पोरींचा पाय ब्रेकवर कमी आणि मोबाइलवर जास्त, असं माझं मत आहे. पण तेवढ्यात माझी सून दिव्यानी पुढे झाली. गॅरेजातलं वायरचं काम तीच करते. रोशन नटबोल्टाचा, ही वायरची. नवऱ्याचं नाव घेत नाही, 'यायनं' म्हणते.

"आई, थांबा. घाटात तपासली कोनं? नागपूरवाल्यायनं सपाटीवर पाह्यली, यायनं बी सपाटीवर. गाडी बिघडते घाटात अन् डॉक्टर तपासते अंगनात."

"तू तर तिची मैत्रीन," बापूराव म्हणाला. "तुह्यं काय आयकू?"

"माह्यं आयकसान?" मी विचारलं.

"तुमचं आयकीन. म्हनून तर आलो."

"मंग मी बसते तिच्या बाजूले. पोरगीच चालवन."

दिव्यानीचं तोंड उतरलं. "आई, घाट हाय थो."

"मले घाट दाखवते? दिवस भरले होते तवा बैलबंडीत याच घाटातून उतरली मी. रोशन आधी उतरते का बंडी आधी, असं झालं होतं."

रोशन लग्नासाठी मुलचेऱ्याला गेला होता, नाहीतर त्याने मला बसूच दिलं नसतं.

दिव्यानीने मशीन माझ्या मांडीवर ठेवलं. काचेवर चार आकडे. "हे चार चाकं. वरचे दोन पुढचे, खालचे दोन मागचे. गाडी जशी पळन, तसे चारही आकडे संगसंग कमी-जास्त होतीन. एक जरी खाली पडला का वरडा. मशीन जुनं हाय, एवढ्याशा वेळाचं त्याले ध्यानात राहत नाई."

"मले आकडे शिकवून राह्यली? दुसरीपर्यंत गेली मी. दुसरीत आकडेच असते."

डोंगराच्या माथ्यापर्यंत काही झालं नाही. तिथून गाडी वळवली आणि उताराला लागलो. मागून दूर अंतराने बापूरावची जीप, तिच्यात दिव्यानी. त्या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसणं, पाय लांब आणि रस्ता नाकासमोर. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सागाचे शेंडे. शेंडे खाली आणि आपण वर.

"पाय नीट ठेव," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही पायाकडं नोका पाहू. आकड्याकडं पाहा."

चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. ती ब्रेक दाबायची, चारही आकडे जोडीने उतरायचे, जसे चार बैल एका दोरीत. एक वळण गेलं, दुसरं गेलं. उजवं वळण, मग मोठं डावं, तेही हलक्या ब्रेकात. काही नाही. माझ्या मनात येऊन गेलं, झालं, पोरीचाच दोष निघाला. आता खाली जाऊन बापाला काय सांगायचं त्याचे शब्दही मी जुळवत होती.

पुढच्या डाव्या वळणात कापसाने लदलेली बंडी होती. रस्ता भरून.

खुशबूने ब्रेक दाबला. एकतीस, एकतीस, एकतीस आणि वरचा उजवा शून्य. पुन्हा एकतीस. पुन्हा शून्य. गाडीच्या पोटात कोणी मुसळाने कांडायला लागलं.

"पडला!" मी ओरडली. "वरचा उजवा पडला!"

गाडी चाललीच होती. मी खाली पाहिलं. पोरीचा पाय ब्रेकवर होता, पूर्ण, चपलेचा तळ दुमडेपर्यंत. तिने स्टेअरिंग झटकलं नाही, किंचाळली नाही. गिअर खाली ओढला, इंजिन रेकलं, हातब्रेक खेचला आणि गाडी खडकाच्या बाजूला घातली. आम्ही थांबलो तेव्हा समोरच्या काचेत कापसाशिवाय काही दिसत नव्हतं.

बंडीवाला वळून म्हणाला, "काऊन व बाई, बंडीत बसाचं हाय का?"

मी मांडीवरचं मशीन सावरून धरलं. खुशबूचे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते.

जीप मागे येऊन थांबली. बापूराव उतरताच सुरू झाला. "म्हनलं नोतं मी? आता तरी पटलं? आन ते चाबी!"

"भाऊ, चूप राहा. आकडा पडला. माह्या डोळ्यानं पाह्यला. पोरीचा पाय बी पाह्यला."

"घाबरल्या असान तुम्ही. नजरचूक झाली असन."

"माह्या नजरेनं आजून सुईत दोरा जाते. तुमच्यानं सुई तरी दिसते का?"

त्याला पटलं नव्हतं. म्हणाला, "मले दाखवा. मंग मानीन."

दिव्यानीने चाकांमागे दगड लावले, जॅक लावून उजवं पुढचं चाक काढलं. आतला सेन्सर नवा, चकचकीत. तिने वायरच्या दोन्ही टोकांना मीटर लावलं. वायर सलग असेल तर ते पीऽऽ वाजतं. वाजलं. तिने सेन्सरजवळची वायर ओढली, हलवली, पिळली. पीऽऽ. सुरूच.

"झालं समाधान?" बापूराव हात बांधून उभा.

दिव्यानीच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. खुशबू तिच्या तोंडाकडे अशी पाहत होती जशी दवाखान्याच्या दाराकडे पाहतात. आता माझा शब्दही त्या मीटरवर टांगला होता.

"जॅकवर चाकाची बाजू लोंबते," दिव्यानी स्वतःशीच बोलली. "वळनात जोरानं ब्रेक दाबला का वर दाबल्या जाते." तिने जीपमधला दुसरा जॅक आणला, चाकाच्या जागी खालून लावला आणि चढवायला लागली. "खुशबू, स्टेअरिंग डाव्या बाजूले फिरव. हळू. आनखी."

पीऽऽ. पीऽऽ. आणि मीटर मुकं झालं.

बापूरावचे बांधलेले हात सुटले. "थांब. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. स्टेअरिंग सरळ, वाजतं. डाव्या बाजूला, बंद. बापूराव खाली उकिडवा बसला आणि तिसऱ्यांदा करायला लावलं.

वायर सेन्सरच्या वर, गाडीच्या बाजूने खराब होती. ती जिथे अडकवून ठेवतात ती क्लिप तुटलेली. त्यामुळे वायर मोकळी लोंबायची आणि चाक वळलं की ताणायची. वरचं रबर शाबूत, आतली तार तुटलेली. टोकं टेकली की ठीक, सुटली की शून्य. तुटक्या क्लिपेत एक काडी रुतून बसली होती.

दिव्यानीने ती चिमटीत धरली. "आई, यायनं चाक खोललं तवा काड्या निघाल्या होत्या का?"

"निघाल्या न. मूठभर. सोयाबीनच्या. त्यानं काढल्या, मी झाडून फेकल्या."

आमच्याकडे सोयाबीन निघालं की लोक डांबरी रस्त्यावर पसरवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकंच मळणी करून देतात. चाकात काड्या निघणं म्हणजे पोराच्या नाकात शेंबूड निघणं. पुसायचा आणि सोडायचा. एवढ्या खाली बसलेल्या गाडीत त्या चाकाभोवती गुंडाळल्या, वायरीला क्लिपेसकट ओढून गेल्या. काड्या साऱ्यांनी पाहिल्या असतील. कशाला धरून होत्या, ते कोणीच पाहिलं नाही.

दिव्यानीने तुटका तुकडा कापून टाकला, नवी वायर जोडली, जोडावर रबरी नळी चढवून लायटरने शेकली. दुसरी क्लिप बसवली आणि वायरला वळायला पुरेल एवढी ढील ठेवली. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, मीटर वाजतच राहिलं. चाक चढवलं.

बापूरावने हात पुढे केला. "आना चाबी. मी चालवून पायतो."

"नाई भाऊ. पोरगी चालवन. तुम्ही बाजूले बसा अन् मशीन मांडीवर घ्या."

"मी? तिच्या बाजूले? घाटात?"

"मी बसली न. मी का जास्तीची होती घरात? जिच्या पायावर आळ घेतला, तिच्याच पायानं खाली उतरा."

त्याने दरीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. खुशबूने त्याच्यासाठी दार उघडलं नाही, बोलावलंही नाही. सरळ जाऊन स्टेअरिंगमागे बसली. मग त्याने धोतर... नाही, पँटच घालतो तो, पण सावरली धोतरासारखी आणि गाडीत शिरला.

गाडी वळणाआड गेली. आम्ही सासू-सुना कठड्याशी उभ्या राहून ऐकत होतो. खाली तशीच डावी वळणं आणखी होती.

"जोड टिकन न व?" मी विचारलं. तिच्या कामाबद्दल मी आजवर तिला शिकवलंच होतं, विचारलं कधी नव्हतं.

"टिकन," ती म्हणाली.

खालून टायर करकरले. जोरात. मग काहीच नाही. दिव्यानीने माझं मनगट धरलं, एवढं घट्ट की बांगडी रुतली. मी तिला सोड म्हटलं नाही.

मग तिचा फोन वाजला. खुशबू होती. दिव्यानीने आवाज मोठा केला.

"काकू, मी मुद्दाम जोरात दाबला. जागच्या जागी थांबली! चारही आकडे संगसंग. बाबायनंच मोजले."

"मंग ये न वर."

"थांबा. बाबा म्हनते, आनखी एका वळनावर दाबून दाखव." मग हळू आवाजात, "दार गच्च धरून बसले. पन उतरत नाई."

"मंग ने त्यायले," मी म्हटलं. "अन् मंग वळवून वर खाणीपर्यंत ने. तुह्यं काम कसं चालते थेही पायतीन."

जीपची चाबी बापूरावच्याच खिशात राहिली होती. ते वर येईपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो.