घंटी एकदाच वाजली होती

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. टेबलावर ठेवायची, उपड्या वाटीएवढी, डोक्यावरचं बटण दाबलं की 'टिंग' करणारी पितळेची घंटी. माझा आवाज गोड आहे असं दुकानदार सांगायचा. पण तो ऐकून हसलेला माणूस मला फार उशिरा भेटला.

माझा जन्म ताकाओकाच्या एका ओतशाळेत झाला. माझ्या बरोबरीच्या बहिणी प्रवाशांच्या खानावळींत गेल्या. तिथे त्या वाजल्या की मालकीणबाई गरम टॉवेल घेऊन लगबगीनं बाहेर येते आणि पाहुणा खूश होतो. माझ्या नशिबी मात्र आली किनारा अभ्यास परिषद. दर शरदात समुद्रावर संशोधन करणारी मंडळी कुठल्या तरी गावाच्या सभागृहात जमतात, एकेक जण उठून आपलं काम सांगतो आणि मी त्यांना सांगते की वेळ झाली.

माझ्या टेबलावर एक कागद चिकटवलेला असायचा. 'संशोधन सादर करणाऱ्यांसाठी सूचना.' आपली पानं आधी यंत्रावर उघडून बघा. अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी ठेवा. आपल्या आधीचा वक्ता उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या 'पुढील वक्ता' लिहिलेल्या खुर्चीत येऊन बसा. आणि शेवटी माझ्याबद्दल: घंटी एकदा वाजली तर दोन मिनिटं उरली आहेत असं समजा. दोनदा वाजली तर बोलणं थांबवा. तीनदा वाजली तर प्रश्नोत्तरंही संपली.

किती सोपं! पण माणूस घाबरला की सोपं तेवढंच नेमकं विसरतो.

मला वाजवायचे इवाकिरी-सान. एका लहान कॉलेजातले अध्यापक, किडकिडीत, मनगटावर एक घड्याळ आणि मुठीत दुसरं. त्यांनी एकदा स्वतःच्या गुरूंच्या भर वाक्यात मला दोनदा वाजवलं होतं. गुरू थांबले, पण संध्याकाळच्या जेवणात सगळे एकमेकांचे पेले भरत असताना त्यांनी यांच्या पेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नियम म्हणजे नियम," इवाकिरी-सान नंतर मला रुमालात गुंडाळताना पुटपुटले. मला उचलताना ते नेहमी तळहात माझ्या डोक्यावर घट्ट ठेवत, म्हणजे मी वाटेत उगाच वाजणार नाही. तेवढा वेळ मला फार बरं वाटायचं.

कारण खरं सांगते, मला माझ्या कामाची धास्तीच वाटायची. 'पुढील वक्ता'ची ती खुर्ची माझ्या शेजारीच असे. तिथे बसलेल्याचे गुडघे कसे उडतात, ओठ कसे नुसतेच हलतात, हे मी जवळून पाहिलंय. आणि काही मिनिटांनी त्याच माणसावर मला ओरडायचं असे.

आता ज्या दिवसासाठी मी बोलायला बसले, त्या दिवसाकडे येते. परिषद सेतो समुद्राकाठच्या एका गावात होती. जेवणाच्या सुट्टीत काळ्या सुटातली एक मुलगी आमच्या टेबलापाशी आली. हातात एकच घास खाल्लेला भाताचा गोळा. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला.

"मी उत्सुमी. उत्सुमी काए. सुट्टीनंतर पहिलीच मी आहे. घंटीचं जरा विचारायचं होतं."

"विचारा की. ही चावत नाही," इवाकिरी-सान म्हणाले.

"आमच्याकडे सरावाला माझे गुरू हिरुमा सेन्सेई चहाच्या पेल्यावर चॉपस्टिक मारतात. एकदाच. ती वाजली की वाक्य अर्धं असलं तरी तोंड बंद. नाही केलं तर दोन दिवस बोलत नाहीत."

"बापरे! इथे तसं नाही हं. एकदा वाजली तर चालू ठेवायचं. दोनदा वाजली की थांबायचं. लक्षात राहील?"

"हो, हो, हो," ती म्हणाली आणि प्रत्येक 'हो'बरोबर वाकली. पण तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. ती सभागृहाच्या तिसऱ्या रांगेकडे बघत होती. तिथे एक रुंद खांद्यांचे, उन्हानं रापलेले म्हातारे गृहस्थ बसून डब्यातलं लोणचं खात होते.

"आले वाटतं त्सुकुदा सेन्सेई," इवाकिरी-सान हळूच म्हणाले. "त्यांच्या बेटावरच्या केंद्रात एक जागा आहे म्हणे. तुम्ही अर्ज केलाय?"

"केलाय. मार्चमध्ये इथली मुदत संपली की माझ्याकडे दुसरं काहीच नाही. आणि माझं सगळं काम त्यांनी लावलेल्या समुद्रगवतावरच आहे. आज नीट बोलले तर ठीक. नाहीतर आईला सांगून ठेवलंय, घरी येते, तुझं दुकान सांभाळते."



सुट्टी संपली. अध्यक्षा तोकोनामी बाईंनी नाव पुकारलं आणि काए उभी राहिली. सुरुवात छान झाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. किनाऱ्यालगतचं समुद्रगवत नाहीसं झालं म्हणून लहान मासे गेले. मग त्सुकुदा सेन्सेईंच्या केंद्रानं दहा वर्षं चिखलात उभं राहून गवत पुन्हा लावलं. ते वाढलं, दाट झालं. काएनं पाण्यात उतरून त्या गवतात माशांची पिल्लं शोधली.

"गवत परत आलं," ती म्हणाली. "पण बहुतेक ठिकाणी मासा परत आलेला नाही."

नेमक्या त्याच क्षणी इवाकिरी-सानांचं बोट माझ्यावर आलं. टिंग.

एकदाच. नियमाप्रमाणे अजून दोन मिनिटं होती. पण त्या पोरीच्या कानात मी नव्हतेच, तिथे वाजला तो हिरुमा सेन्सेईंचा चहाचा पेला. ती जागच्या जागी गोठली, तोंड मिटलं आणि कमरेत वाकून म्हणाली, "लक्ष देऊन ऐकलंत, आभारी आहे."

म्हणजे झालं काय, बघा! गवत लावणारे आदरणीय गृहस्थ समोर बसलेत, आणि त्यांच्या दहा वर्षांच्या मेहनतीवर 'मासा आला नाही' एवढंच सांगून ही मुलगी आभार मानून मोकळी झाली. पुढची पानं यंत्रात तशीच पडून होती.

कुणीतरी सांगायचं ना तिला, की बाई, संपलेलं नाही! पण चारचौघांत तिची चूक दाखवणं म्हणजे तिला खाली बघायला लावणं, म्हणून सगळे गप्प राहिले. तोकोनामी बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि टाळ्या सुरू केल्या. मीही काय करणार? कुणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. आयुष्यात कधी स्वतःहून वाजावंसं वाटलं असेल तर ते तेव्हा.

"प्रश्न आहेत का कुणाचे?"

तिसऱ्या रांगेतून एक रुंद हात वर गेला.

"मी या विषयात अगदी अडाणी माणूस. क्षमा असावी," त्सुकुदा सेन्सेई सुरू झाले.

आमच्या परिषदेत हे वाक्य ज्यानं ऐकलं त्याचं धाबं दणाणतं. या विषयातलं ज्याला सगळ्यात जास्त कळतं, तोच असं म्हणून उठतो, आणि तो बसतो तेव्हा समोरच्याचं काही शिल्लक राहिलेलं नसतं.

"दहा वर्षं आम्ही पँट वर दुमडून चिखलात उभे राहिलो. गावातली म्हातारीकोतारीसुद्धा आली. मासा आला नाही म्हणता. म्हणजे आम्ही नुसतीच कंबर मोडून घेतली, असं समजू का?"

"नाही! म्हणजे... तसं नाही..." काए अडखळली. ध्वनिक्षेपकातून तिचा श्वास ऐकू येत होता.

इवाकिरी-सानांच्या मुठीतलं घड्याळ मात्र चालूच होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कागदावरच्या सूचनांकडे पाहिलं आणि मला दाबलं. टिंग, टिंग.

काएनं दचकून मान वळवली. दोनदा. आत्ता दोनदा. मग मघाशी?

"माझं... माझं संपलं नव्हतं," ती म्हणाली. "मी चुकून थांबले. पुढची पानं दाखवू का?"

तोकोनामी बाईंना वाईट वाटलेलं दिसत होतं. "दुसरी घंटी झाली, उत्सुमी-सान. आता भाषण नाही करता येणार." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "प्रश्नाचं उत्तर मात्र देता येईल. प्रश्न विचारलेला आहेच."

काएनं पडद्यावरचं पान उलटलं. दोन फोटो. एकात हिरवंगार, स्वच्छ गवत. दुसऱ्यात तेच गवत, पण बुडाशी काळ्या, कुजलेल्या पानांचा खच.

"मासा काही ठिकाणी आला. सगळीकडे नाही. आधी मला वाटलं पाण्याचा फरक असेल, पण पाणी सारखंच. मातीही सारखीच. मग मी गावागावांत विचारलं. सेन्सेई, गवत तुम्ही बरोबरच लावलंत. पण उन्हाळ्याआधी सगळी गावं मिळून..."

ती भराभरा बोलत होती, अडखळत होती, आणि वेळ संपत आली होती. मला ते कळत होतं, कारण इवाकिरी-सानांचा हात हलला होता. तिसरी घंटी. गुरूंसाठीसुद्धा न थांबलेला हात. आता तो येणार आणि तिचं शेवटचं वाक्य माझ्याच आवाजाखाली चिरडलं जाणार. मी मनातल्या मनात म्हटलं, नको हो, एवढं एक वाक्य होऊ दे!

हात आला. पण बोटाआधी तळहात आला, मला उचलताना येतो तसा, माझ्या डोक्यावर घट्ट. आणि तळहाताखालून त्यांनी मला तीनदा दाबलं. टक. टक. टक. नियम पाळला गेला. माझ्याशिवाय कुणाला ऐकू आलं नाही.

"...सगळी गावं मिळून किनारा साफ करतात," काए म्हणाली. "कुजलेली पानं वास मारतात म्हणून दाताळ्यानं ओढून काढतात. पिल्लं त्याच पानांत लपतात. जिथे माणसं म्हातारी झाली आणि सफाई बंद पडली, तिथेच मासा आला. तुमचं गवत वाया गेलेलं नाही, सेन्सेई. आपण फक्त फार स्वच्छ आहोत."

त्सुकुदा सेन्सेई "हं" एवढंच म्हणून खाली बसले. काए वाकली, आपल्या जागी गेली आणि हातरुमालात तोंड लपवून बसली. इवाकिरी-सान समोर बघत होते, पण माझ्या डोक्यावरचा तळहात घामानं ओला झाला होता.

त्या 'हं'चा अर्थ काय, हे मला कळलं नाही. संध्याकाळी मला रुमालात बांधून पेटीत ठेवलं. पुढे हिवाळाभर त्या अंधारात मी तोच विचार करत होते. रागाचा 'हं' होता की पटल्याचा? पोरगी आईच्या दुकानात गेली असेल का? मी तेव्हा जरा हळू वाजले असते तर? मला विचारायला कुणी नव्हतं.

पेटी उघडली तेव्हा बाहेर उजेड होता आणि भयंकर वास येत होता. कुजलेल्या गवताचा! बेटावरच्या केंद्राच्या खिडकीखाली किनाऱ्यावर काळा खच पडला होता आणि त्सुकुदा सेन्सेई नाकाला टॉवेल लावून कुरकुरत होते. "जेवण जात नाही या वासानं. पण राहू दे. हात लावू नका कुणी!"

टेबलापलीकडे काए होती. माझ्याबरोबर आलेली इवाकिरी-सानांची चिठ्ठी वाचून ती हसली. परिषदेनं आता पडद्यावर आकडे दाखवणारं घड्याळ घेतलंय, म्हणून ही म्हातारी तुमच्याकडे पाठवतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

तेव्हापासून मी इथेच आहे. पितळ काळवंडलंय, खाऱ्या हवेनं बटण जरा अडकतं. परिषद जवळ आली की केंद्रातल्या नव्या मंडळींचा सराव होतो आणि काए मला पुढ्यात घेऊन बसते. माझी धास्ती काही गेलेली नाही. काल मी एकदा वाजले आणि बोलणारा बिचारा तिथेच थांबला, मान खाली घालून आभार मानायला लागला.

तेव्हा तुम्हालाही सांगून ठेवते. माझा आवाज ऐकून पाय लटपटले तर लटपटू द्या, पण आधी मोजा, मी कितीदा वाजले ते. काए काल हसून त्याला म्हणाली तेच माझंही म्हणणं आहे.

"अहो, एकदाच वाजली. बोला पुढे."