डाव्या बाजूचं वजन

मी एक जुना ट्रेलर आहे. माझ्यावर कोणीही बसलेलं नाही.

मित्रांनो, यातलं पहिलं वाक्य कोणीही तपासून घ्यावं. माझा पत्रा गंजला आहे, चाकांच्या आऱ्यांतून गवत वर आलं आहे, आणि तोंडाशी, जिथे जीपमागचा लोखंडी गोळा बसायचा, त्या वाटीत पाणी साठून डास होतात. दुसरं वाक्य तुम्ही आत्तापुरतं खरं धरून चाला. शेवटी आपण ते पुन्हा एकदा बघू.

माझा जन्म

मी कारखान्यात जन्मलो नाही. एका वेल्डरच्या शेडमध्ये, खिडक्यांच्या ग्रिल आणि बंगल्यांच्या गेटांच्या गर्दीत, तुकड्यातुकड्यांनी जन्मलो. माझ्या दोन लांब बाजू एका पाडलेल्या जिन्याच्या आहेत. चाकं, त्यांना जोडणारा ॲक्सल आणि त्याखालचे स्प्रिंगचे पाटे एका चेपलेल्या व्हॅनचे. मागचा उघडणारा फाळका एका शाळेच्या गेटाचा. त्यामुळे मी ‘मी’ म्हणालो की माझ्यात तिघे जण एकदम दचकतात. जिना म्हणतो, लोक माझ्यावरून वर जायचे. फाळका म्हणतो, मुलं मला लटकायची. व्हॅन काहीच म्हणत नाही. ती शेवटी काय बघून थांबली, ते तिने आजवर आम्हाला सांगितलेलं नाही.

माझे बालपण

नव्हतं. रंग वाळला आणि कामाला लागलो. पुढे.

मी कशासाठी

वेल्डर बुटका होता. त्याचा थोरला भाऊ ताडमाड उंच. गल्लीतले लोक थोरल्याला शिडी आणि धाकट्याला पायरी म्हणत. दोघेही त्या हाकेला ओ देत.

एके दिवशी कामानिमित्त परगावी गेला असताना शिडीच्या छातीत दुखायला लागलं. कोणाला त्रास नको म्हणून तो स्वतःच गाडी चालवत हॉस्पिटलात गेला. मागच्या बोळात, भिंतीला नाक लावून गाडी उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि आत गेला. तो बाहेर आला तेव्हा गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हता.

गाडी बोळातच राहिली. दिवस-कार्य उरकल्यावर वहिनी, म्हणजे शिडीची बायको, किल्ली घेऊन शेडमध्ये आली. मी तेव्हा नुसता जिना होतो, कोपऱ्यात उभा. पण ऐकत होतो.

“भावोजी, गाडी आणायची. पण त्यात कोणी बसायचं नाही.”

“अहो वहिनी, अर्ध्या दिवसाचा तर रस्ता. मी चालवत आणतो ना.”

“तुम्ही बसलात की आधी सीट पुढे ओढाल.”

पायरीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“ह्यांनी सीट पार मागे घेतलेली आहे. आरसा ह्यांच्या डोळ्यांना लावलेला आहे. ते तसंच्या तसं मला दारात हवंय. सीट हलली की मग... मग ते गेलेच म्हणायचे.”

मित्रांनो, एवढ्यासाठी मी आहे. एक सीट हलू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, पुढे लागेल. शिडीला एक सवय होती. घरी पोचला, गाडी बंद केली, तरी तो लगेच उतरायचा नाही. काचेतून समोर बघत नुसता बसून राहायचा. मग वहिनी बाहेर यायची, काचेवर बोट वाजवायची आणि म्हणायची, “उतरा आता. दार उघडं आहे.” मग तो उतरायचा. रोज. न सांगता तो कधी उतरलाच नाही.

मी घडलो

पायरीने जन्मभर गेटं केली होती. ट्रेलर कधीच नाही. म्हणून त्याने मला गेटासारखंच केलं. जेवढं या बाजूला तेवढं त्या बाजूला. पुढून जेवढं अंतर, मागून तेवढंच. ॲक्सल बरोब्बर मधोमध. फाळक्यावर त्याने सवयीने एक लोखंडी फूलही डकवलं.

ज्याच्या जीपमागे मला जायचं होतं तो जीपवाला मला बघायला आला. पोट आधी आलं, मागून तो.

“पायऱ्या, हे ट्रेलर आहे की बंगल्याचं गेट? बेल कुठंय?”

“हस तू. पाणसळ लावून बघ.”

पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. वस्तू सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. पायरीने ती माझ्या पत्र्यावर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध. जीपवाला म्हणाला, “ते ठीक आहे रे, पण ट्रेलरला पुढे थोडं जड लागतं म्हणतात.”

“गाडी चढली की होईल जड.”

त्या वेळी माझ्यावर कोणीच नव्हतं. त्या बुडबुड्याची शपथ.

ओझं

बोळ अरुंद होता. गाडीचं नाक भिंतीला, शेपूट आमच्याकडे. फिरवायला जागा नाही. म्हणजे तिला शेपटाकडूनच ओढून चढवावं लागणार होतं, उलटं तोंड करून.

वहिनीने डावीकडचं दार उघडलं. आत न बसता, वाकून, हात लांब करून तिने किल्ली फिरवली, स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर काढला, हँडब्रेक सोडला. उजव्या सीटला तिचा पदरसुद्धा लागला नाही. पायरीने माझ्या तोंडाशी बसवलेली चरखी फिरवायला घेतली. तार ताणली गेली. गाडी कुरकुरत, मागे मागे येत, दोन लोखंडी फळ्यांवरून माझ्यावर चढली. पट्टे आवळले गेले.

मित्रांनो, ट्रेलरला डोळे कमी असतात. वजन मात्र कळतं. लोखंडाचं वजन निजलेलं असतं. ठेवलं तिथे पडून राहतं. इंजिन तसं होतं, गाडीचा डबा तसा होता. पण माझ्या डाव्या अंगाला एक वजन होतं ते निजलेलं नव्हतं. गाडी उलटी, म्हणून तिची उजवी सीट माझ्या डावीकडे आली होती. तिथे ते वजन जरा सरकलं. लांबच्या प्रवासाआधी माणूस बूड नीट करून बसतो ना, तसं.

जिना हळूच म्हणाला, कोणीतरी वर आलंय.

व्हॅन पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, मला माहीत आहे.

डोलणं

दुपार होती, ढगाळ, सावल्या नसलेली. रस्ता सरळ. जीपवाला चालवत होता, शेजारी वहिनी, मागे पायरी माझ्याकडे तोंड करून. जीपने वेग घेतला आणि माझं शेपूट हललं. आधी थोडं. मग जास्त. मग ते थांबेचना.

कारण साधं होतं आणि ते तुम्ही लक्षात ठेवा. इंजिन सगळ्यात जड, आणि गाडी उलटी असल्याने ते माझ्या मागच्या टोकाला होतं. ॲक्सल मधोमध, म्हणून पुढे दाबून धरणारं काहीच नाही. गेटाला चालतं, ट्रेलरला चालत नाही. पुढचं टोक हलकं झालं की शेपूट मालक होतं.

हे कारण झालं. आता पायरीने काय पाहिलं ते सांगतो.

त्याच्यासमोर गाडीची मागची काच होती. काचेतून उजव्या सीटची पाठ दिसत होती, पार मागे सरकवलेली. सीटच्या पलीकडे स्टिअरिंग. ते फिरत होतं. एकदा इकडे, एकदा तिकडे, सावकाश, सफाईने. माझं शेपूट इकडे गेलं की ते आधीच इकडे गेलेलं असायचं.

“अरे ब्रेक मार! ब्रेक!”

“ब्रेक मारला तर तो आपल्याला घेऊन आडवा होईल! तू मागे काय बघतोयस, बोल ना!”

“स्टिअरिंग... दादाचं स्टिअरिंग फिरतंय.”

जीपवाल्याने शिवी गिळली. वहिनीने वळून पाहिलं. ती घाबरली नाही, हे मला जास्त भीतिदायक वाटलं.

“तोंड तिकडे आहे ना ह्यांचं,” ती म्हणाली. “हे परत निघालेत. हॉस्पिटलकडे. आपण ओढतोय आणि हे तिकडे चालवतायत.”

जीपवाल्याने पाय फक्त वर उचलला. वेग आपोआप उतरत गेला. डोलणंही उतरलं. समोर एक बंद पडलेला पेट्रोलपंप आला आणि आम्ही त्याच्या आवारात शिरून थांबलो.

सीट

गाडी उतरवून सुलटी चढवायला हवी होती, नाक पुढे. हे तिघांनाही कळलं. पण आवार उताराचं होतं आणि उताराखाली खोल चर. तिथे नुसती तार आणि हँडब्रेक पुरणार नव्हते; गाडी फळ्यांवरून सुटली की कोणीतरी आत बसून ब्रेक दाबायला हवा. नाहीतर सीट, आरसा आणि गाडी, सगळंच चरात.

“मी बसतो,” पायरी म्हणाला. “सीट न हलवता बसतो.”

“पाय पोचणार आहे का तुमचा?”



“मी बसू का?” जीपवाल्याने विचारलं.

“तुम्ही बसलात तर सीटच बसेल,” वहिनी म्हणाली, आणि त्या ओसाड पंपावर तिघेही उगाच हसले.

मग ती माझ्यावर चढली. गाडीचं उजवं दार तिने पहिल्यांदाच उघडलं. एक क्षण उभी राहिली. कोणी वाट द्यावी म्हणून थांबतात तशी. मग बसली.

मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, माझ्या डाव्या अंगावर तेव्हा दोघांचं वजन होतं.

“पोचत नाही,” आतून आवाज आला. “टाचा उचलल्या तरी नाही.”

पायरी दाराशी गेला. “वहिनी... सीटखाली दांडी आहे.”

वाऱ्याने पंपाचा एक सुटा पत्रा वाजत होता. मग कट् असा आवाज झाला आणि सीट पुढे सरकली.

त्याच क्षणी ते वजन डावीकडून उठलं आणि उजवीकडे गेलं. शेजारच्या सीटवर. न रागावता. कोणी म्हणावं, सरका जरा, आणि कोणी सरकावं, तसं.

पायरीने मागून तारेचा ताण सोडत नेला, वहिनीने ब्रेक दाबत गाडी उतरवली आणि चराच्या बऱ्याच अलीकडे उभी केली. मी रिकामा असलो की दोन माणसांच्या हातचा आहे. दोघांनी मला जीपपासून सोडवलं, फिरवलं, गाडीच्या नाकाशी आणून लावलं, पुढे जीप पुन्हा जोडली आणि माझ्या चाकांखाली दगड सारले. गाडी सुलटी चढली. इंजिन पुढे आलं, माझं तोंड दाबलं गेलं. वहिनी स्टिअरिंगवरून उतरली नाही.

“वहिनी, जीपमध्ये चला.”

“नको. हे धरायला कोणीतरी हवं.”

असं करू नये, मित्रांनो. ट्रेलरवरच्या गाडीत माणसाने बसू नये. पण तिला कोण सांगणार? ती घरापर्यंत माझ्यावरच होती, उजवीकडे. आणि डावीकडे, तिच्या शेजारी, दुसरं वजन. मी जराही डोललो नाही.

उतरणं

घरी गल्ली जमली होती. सगळे एकदम बोलत होते, फळ्या लावा, बाजूला व्हा, सावकाश. वहिनीने गाडी खाली उतरवली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ती बाहेर आली, दारात गेली आणि तिथे खाली बसून मोठ्याने रडली. तोवर ती रडली नव्हती म्हणे.

त्या गडबडीत काचेवर बोट वाजवायचं राहून गेलं.

पायरीने फळ्या आवरल्या आणि सहज, सवयीने, माझ्या रिकाम्या पत्र्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा उजवीकडे जाऊन चिकटला. डावी बाजू दबलेली. त्याने पुसून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

माझी कामगिरी आणि कौतुक

त्याने ॲक्सल मागे सरकवला, त्यानंतर मी कधी डोललो नाही. पुष्कळ गाड्या वाहिल्या, बिघडलेल्या, नव्या, एक लग्नातली फुलांसकट. लोक म्हणत, ट्रेलर झकास आहे, जरा डावीकडे कलतो एवढंच. पायरीने डावे पाटे बदलले. टायर बदलला. कलणं बदललं नाही. नंतर त्याने बदलणं सोडलं.

वहिनी गाडी शिकली. कधी कधी संध्याकाळी शेडवर यायची, गाडी बाजूला लावायची आणि माझ्या उजव्या कडेवर येऊन बसायची. ती बसली की पायरी काम थांबवून पाणसळ आणायचा आणि आमच्या दोघांमध्ये, म्हणजे तिघांमध्ये, ठेवायचा. बुडबुडा मधोमध.

“भावोजी, काय सारखं मोजता?”

“सवय,” तो म्हणायचा.

‘उतरा आता’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर तो उतरला असता, हे तिला ठाऊक होतं.

आता

मग एके दिवशी ती गाडी शेडवर आली ती पायरीच चालवत. सीट आणखी पुढे ओढलेली. तो उतरला, माझ्याजवळ उभा राहिला, आणि मला कळलं की वहिनी आता येणार नाही.

त्याने शेड बंद करायचं ठरवलं आहे. मला कापायला माणूस येणार आहे, म्हणून हे सगळं सांगितलं.

काल पायरीने शेवटची पाणसळ ठेवली. मी उजवीकडे रिकामा, डावीकडे नेहमीसारखा, असं त्याला वाटलं असणार. त्याने वाकून पाहिलं. मग खूप वेळ पाहिलं. बुडबुडा मधोमध होता.

मित्रांनो, तुमच्या घरी ट्रेलर असेल तर त्याची चाकं दर थोड्या दिवसांनी ग्रीसने भरा, टायरमधली हवा बघा, जड बाजू नेहमी पुढे ठेवा. आणि जुनी वस्तू मोडायला काढाल तेव्हा कटर लावायच्या आधी तिच्यावर दोन बोटं वाजवा. माझ्यावर कोणीही बसलेलं नाही. तरीही तेवढं म्हणा, हळू आवाजात, दोघांनाही ऐकू जाईल असं: “उतरा आता. दार उघडं आहे.”