प्रणीतचे उसने आजोबा

माझ्या गोष्टी चोरणाऱ्याला मी पोलिसात देत नाही. त्याला आणखी एक गोष्ट देतो.

प्रणीत पुण्याचा. आठवडाभर आयटीतली नोकरी, आणि रविवारी सकाळी इथल्या, बंगळूरच्या के. आर. पुरममधल्या फ्लॅटमधून ‘खुसखुस रेडिओ’. इंटरनेटवरचं स्टेशन; गप्पा, विनोद, श्रोत्यांचे फोन. वर्षभर माझ्याकडे येऊन कॉफी प्यायला, गोष्टी ऐकल्या आणि तिथं ‘माझे आजोबा’ म्हणून खपवल्या. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर दिवाळीच्या चकल्या पाडल्या मी, कौतुक त्याच्या आजोबांचं! वर माझ्या कन्नड मिसळलेल्या मराठीची नक्कल. मला एवढंच हवं होतं: त्याच्या तोंडून, त्याच रेडिओवर, माझं नाव.

म्हणून त्याला पळपुट्या नवरदेवाची गोष्ट दिली. मंगलाष्टकं चालू असताना हा अंतरपाटाखालून निसटला, जाता जाता पंक्तीतल्या ताटभर होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, उपरण्यात बांधल्या, आणि वाटेत घोडी दमली तेव्हा तिलाच खांद्यावर घेऊन आनेकल गाव गाठलं.

“भारी, काका!” प्रणीत म्हणाला.

घोडी तेवढी माझ्या पदरची. बाकी सगळं खरं. नवरी होती कमलाक्का. इथल्या आमच्या जुन्या मराठी घरांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक; पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? शनिवारी मी अक्काला म्हटलं, “उद्या नातीकडून तो रेडिओ लावून घे.”

रविवारी नवरदेव अर्थातच प्रणीतचे आजोबा झाले. गोष्ट संपते न संपते तोच फोन.

“मी कमला. अंतरपाटाच्या अलीकडे मी उभी होते रे. तू त्याचा नातू?”

“आजी, ते... गंमत...”

“गंमत? जन्मभर त्याचं घर शोधतेय. माझे चारही भाऊ काठ्या घेऊन इथंच बसलेत. पत्ता सांग.”

“अहो, ते माझे आजोबा नव्हेतच! माझे आजोबा पुण्याबाहेर कधी पडलेच नाहीत!”

“सरी, ठीक. मग गोष्ट कुणाची?”



“हयवदनरावांची,” तो पुटपुटला. “सगळ्याच त्यांच्या.”

मी लगेच फोन लावला. “ऐकू आलं नाही बाळा. स्वल्प जोरात.”

“हयवदनराव!”

“खरखर येतेय रे. आडनावासकट सांग.”

त्यानं सांगितलं. ओरडून सांगितलं. पण कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या फोनची खरखर काही गेली नाही.