बाळा आजोबांचा नवा ओठ आणि मी

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, एक खरी गोष्ट आधीच सांगतो, आवाज माझा नसतो. फुंकणाऱ्याचे ओठ थरथरतात. मी ती थरथर फक्त मोठी करतो.

खोल समुद्रात एका मऊ जिवाने एकेक थर चढवून मला बांधले. पुढे कारागिराने माझे टोक कापून घासले आणि मी चिखलोली गावात बाळा आजोबांच्या देव्हाऱ्यात आलो. तीस वर्षे गणपतीच्या आरतीला मी घुमलो. अलीकडे तर ऐकायला समोरच्या नव्या इमारतींच्या खिडक्याही उघडायच्या!

मग आजोबांच्या खालच्या ओठावर फोड आला. तिथेच ते रोज चुना लावून मळलेली तंबाखू धरत. आळ मात्र माझ्यावर आला.

"या शंखाचीच धार लागली," आजोबांच्या पत्नी काशी आजी म्हणाल्या. फोडावर हळद लागली आणि मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेलो. तीन महिने फोड भरेना. शेवटी नात जिज्ञासा आजोबांना दवाखान्यात घेऊन गेली. तंबाखूने झालेला कॅन्सर निघाला.

पुढचे मला तिच्याच बोलण्यातून कळले. डॉक्टरांनी रोगट भाग काढला आणि वरच्या ओठाचा तुकडा पूर्ण न तोडता, रक्तवाहिनीसकट खाली वळवून शिवला. तीन आठवडे दोन्ही ओठ मधोमध जोडलेले! आजोबा कोपऱ्यातून नळीने पेज प्यायचे. तुकडा खाली रुजल्यावर तो जोड कापून सोडवला.

बोलता येताच आजोबा म्हणाले, "शंख खाली आन. गनपतीला मीच वाजवनार."

महिनोन् महिने सराव चालला. आवाज एकच, फुस्स!

"आजोबा, पंक्चर काढून आणू का?" जिज्ञासा चिडवायची.

"गप गो! ओठ नवा हाय, फुंकनारा जुनाच हाय."

गणपती आले. आरती संपत आली. जिज्ञासाने मोबाईलवर शंखाचा आवाज शोधून ठेवला होता. आजोबांनी फुंकले. फुस्स. तिचे बोट मोबाईलकडे गेले. तेवढ्यात आजोबांनी मला मधून सरकवून डाव्या कोपऱ्याशी धरले. तिथला ओठ जुनाच होता, घट्ट मिटणारा. माझ्या पोटात थरथर उतरली आणि मी घुमलो! समोरच्या खिडक्या उघडल्या. आजींच्या हातातली घंटा थांबली.

"उगाच तुझ्यावर आळ घेतला रे," असे म्हणत त्यांनी त्या दिवशी मला स्वतः धुतले.

मित्रांनो, तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर शंखाला, दाताला, मिरचीला दोष देत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि मला धुऊन, पुसून खालीच ठेवा. माळ्यावर फुंकायला कोणी येत नाही.